आई-बाबांची गाडी बंद झाल्यावर: परवडेल अशी जाण्यायेण्याची सोय कशी लावायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. बाबा ७९ वर्षांचे, आई ७३ची, दोघंच कोथरूडला राहतात. काचबिंदूमुळे बाबांना बाजूचं दिसेनासं झालं, म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. आईने कधी गाडी चालवली नाही आणि गुडघ्यांमुळे तिला बसमध्ये चढवत नाही. तुम्ही बंगळुरूला. महिन्याचा ड्रायव्हर पेन्शनमध्ये परवडत नाही, बाबांना ॲपची कटकट नको, आणि "रिक्षाला कशाला पैसे घालवायचे" म्हणून ते घरातच बसायला लागलेत. यावर स्वस्त आणि सुरक्षित उपाय कोणता, असं तुम्ही विचारलंय.

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. वयस्कर पेशंट घरी जाताना त्यांची पुढची सोय लावून देणं हे रुग्णालयात बरीच वर्षं माझं काम होतं. आता पुण्यात घरोघरी जाऊन तेच करते. जाण्यायेण्याचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात निघतो, आणि बहुतेक घरांत तो "कोणतं वाहन घ्यायचं" असाच विचारला जातो. वाहन त्यातल्या त्यात सोपं आहे. दवाखान्यात नेण्याची सोय मुलं, शेजारी, कोणीही करतं. ती चुकत नाही. हळूहळू बंद पडतं ते बाकीचं सगळं: कट्टा, देऊळ, बहिणीकडे जाणं, नाटक. म्हणून तुम्ही जी काही व्यवस्था लावाल तिची कसोटी मी एकच धरते. दर आठवड्याला आपल्या मर्जीने निदान दोनदा त्या दोघांना बाहेर पडता येतंय का?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. बाबांना फोनवर नीट ऐकू येतं का, आई न थांबता किती चालू शकते, दोघांपैकी कोणाला विसरायला होतं का, यावर पुढचं बरंच ठरेल. विसरण्याचा त्रास असेल तर एकट्याने रिक्षा-कॅबचा विषयच नको, सोबत माणूस हवाच. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून दोघांची बुद्धी शाबूत आहे असं धरून लिहिते.

आधी फेऱ्या लिहून काढा

बाबा गाडी चालवत होते तेव्हाचा एखादा महिना घ्या आणि त्यातली प्रत्येक फेरी लिहा. आई आणि बाबा दोघांना वेगवेगळं विचारा, कारण दोघांच्या याद्या वेगळ्या निघतात. बाबा म्हणतील दवाखाना, बँक, भाजी, बास. आईशी निवांत बोललात की मग कळेल: गुरुवारचं देऊळ, भिशी, नणंदेकडे महिन्यातून एकदा, यशवंतराव नाट्यगृहातलं एखादं नाटक. प्रत्येक फेरीपुढे वेळ, अंतर, एकटे की दोघं, आणि पोहोचल्यावर किती चालावं-चढावं लागतं हे लिहा.

वेळ लिहायला मी एवढं का सांगते ते एका उदाहरणावरून कळेल. कर्वेनगरमधल्या एका गृहस्थांसाठी त्यांच्या मुलाने महिन्याच्या पगारावर ड्रायव्हर ठेवला होता. ड्रायव्हर यायचा सकाळी दहाला आणि जायचा सहाला. या गृहस्थांच्या आयुष्यातल्या दोनच आवडीच्या गोष्टी होत्या: सकाळी साडेसहाचा बागेतला कट्टा आणि संध्याकाळी साडेसातचं व्याख्यान किंवा गाणं. दिवसभर ड्रायव्हर पार्किंगमध्ये पेपर वाचत बसलेला आणि काका वर गॅलरीत. मुलगा म्हणत होता, "एवढी सोय केली तरी बाबा कुठे जात नाहीत." फेऱ्या वेळेसकट लिहिल्यावर दहा मिनिटांत उलगडा झाला. ड्रायव्हर बंद केला. सकाळी शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ बागेत चालत जात, त्यांच्याबरोबर काका जायला लागले. संध्याकाळसाठी एक रिक्षावाला ठरवला. खर्च पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाला.

यादी झाली की एक काट मारायची आहे, पण जपून. काही फेऱ्यांची आता खरोखर गरज नाही. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. 'जीवन प्रमाण'ची ती सोय आहे. नोव्हेंबरातली बँकेतली रांग त्याने टळते, आणि ८० पूर्ण झाल्यावर त्यांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येईल. सत्तरीवरच्या ग्राहकांना रोख रक्कम, चेकबुक वगैरे घरपोच द्यावं असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. नोंदणी मात्र करावी लागते आणि तिची पद्धत व शुल्क बँकेप्रमाणे असतं. रक्ताचा नमुना घ्यायला माणूस घरी येतो, औषधं घरी येतात.

जपून अशासाठी की बँकेत जाणं हे कित्येकांचं निव्वळ काम नसतं. तिथे कॅशियर ओळखीचा असतो, येताना कोपऱ्यावर चहा होतो. सगळंच घरपोच केलंत की माणूसही घरातच राहतो. म्हणून काट मारताना त्यांनाच विचारा, "यातलं कुठलं जाणं तुम्हाला नकोसं वाटतं?" नकोसं असेल तेवढंच घरपोच करा.

पैशांचा हिशोब

"रिक्षाला कशाला पैसे" या वाक्यामागे कंजूषपणा नसतो. गाडीचा खर्च वर्षातून चार वेळा, वेगवेगळ्या नावांनी जातो: विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी. रिक्षाचे पैसे मात्र दर वेळी हातातून सुटतात, म्हणून ते टोचतात. तेव्हा तुमच्या गाडीचे खरे आकडे घेऊन बाबांसमोर बसून हिशोब करा. एक नमुना देते. समजा छोट्या गाडीचा विमा, सर्व्हिसिंग आणि टायर-बॅटरीचा सरासरी वाटा मिळून वर्षाला १८,००० जात होते आणि पेट्रोल महिन्याला २,०००, म्हणजे वर्षाचे २४,०००. गाडी विकून २ लाख आले आणि ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला १६,४०० व्याज. एकूण झाले ५८,४००, म्हणजे महिन्याला सुमारे ४,८५०.

आता रिक्षा. पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेला मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये. या दराने पाच किलोमीटरला ८५ रुपये होतात, जाऊन-येऊन १७०. दर बदलला असेल तर आकडा बदलून घ्या. पण या हिशोबाने ४,८५० रुपयांत पाच किलोमीटरच्या जाऊन-येऊन २८ फेऱ्या बसतात. बाबा गाडी असताना तरी महिन्यात इतक्या वेळा बाहेर पडत होते का? बहुधा नाही.

हा हिशोब तोंडी सांगून भागत नाही. मी घरच्यांना सांगते की ही रक्कम दर महिन्याला वेगळी काढा, वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात, आणि तिला 'गाडीचे पैसे' असंच म्हणा. महिनाअखेर उरले तर ते पुढच्या महिन्यात फिरण्यावरच खर्च करायचे, घरखर्चात मिसळायचे नाहीत. तुम्हाला मदत करायची असेल तर याच पाकिटात भर घाला. मुलीने कॅबचं बिल भरण्यापेक्षा आपल्या पाकिटातून आपण पैसे देणं बाबांच्या पिढीच्या माणसाला फार मानवतं, असं मी पाहिलंय.

गाडी विकलीत तर आरटीओत नावबदल पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा. कागद बाबांच्याच नावावर राहिले तर पुढच्या दंडाच्या नोटिसा बाबांच्या नावाने येतील. आणि विकायची घाई नको असेल तर दोन-तीन महिने गाडी ठेवून तासांवर मिळणारा ड्रायव्हर बोलावून पाहता येतं. लग्नकार्य, गावाला एका दिवसात जाऊन येणं यासाठी तो चांगला पडतो. रोजच्या दोन किलोमीटरसाठी नाही, कारण त्यांचे किमान तास ठरलेले असतात.

ठरलेला रिक्षावाला

तुमच्या घरासाठी माझा पहिला सल्ला हाच आहे. ॲप नाही, ड्रायव्हर नाही. ओळखीचे दोन रिक्षावाले. दोन म्हटलं, कारण एक आजारी पडला किंवा गावाला गेला की पुन्हा सगळं ठप्प होतं.

शोधायचे कुठे? सोसायटीच्या वॉचमनला, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला आणि जवळच्या रिक्षा स्टँडवर विचारा. स्टँडवर रोज उभा राहणारा, पन्नाशीच्या पुढचा, त्याच भागात राहणारा माणूस मिळाला तर उत्तम. त्याला एकदा घरी बोलावून चहा द्या, नाव, फोन, परवाना आणि बॅजचा क्रमांक लिहून घ्या. यात अविश्वास काही नाही. चांगला माणूस स्वतःहून देतो.

दर सुरुवातीलाच बोलून घ्या. मीटरप्रमाणे जाणं-येणं आणि थांबण्याचे वेगळे, की नेहमीच्या ठिकाणांचे ठरावीक पैसे? वयस्करांच्या बाबतीत मला दुसरी पद्धत बरी वाटते. डोळ्यांचा दवाखाना, तासभर थांबून परत: इतके. देऊळ: इतके. वही करून ठेवली की घासाघीस नाही, सुट्ट्याचा घोळ नाही. दर मीटरपेक्षा थोडा वरचा पडला तरी मान्य करा. तो माणूस आईला हात देऊन उतरवणार आहे, पिशवी लिफ्टपर्यंत आणणार आहे. ते मीटरमध्ये धरलेलं नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या मुलांच्या लक्षात येत नाही. पुण्यात बऱ्याच रिक्षावाल्यांकडे शाळेची वर्दी असते. सकाळी मुलांना सोडायचं, दुपारी आणायचं. त्या वेळात तो कितीही चांगला असला तरी येणार नाही. त्याला विचारा, तुझ्या वर्दीच्या वेळा कोणत्या? आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेताना त्या वेळा टाळा. साडेनऊ-दहानंतरचा आणि दुपारचा मधला वेळ बहुतेकांना मोकळा असतो, त्यांना धंदाही हवा असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून सांगायचं, सकाळी पुन्हा एक फोन. हे फोन बाबांनी करायचे, तुम्ही बंगळुरूहून नाही. चारचौघांत "आमचा रिक्षावाला येईल" असं त्यांना म्हणता आलं पाहिजे.

आईच्या गुडघ्यांसाठी दोन सूचना, रिक्षावाल्यालाही दाखवून ठेवा. रिक्षा रस्त्याच्या मधोमध उभी केली तर पायरी उंच पडते. फुटपाथला किंवा सोसायटीच्या ओट्याला लागून उभी केली की तीच पायरी निम्मी होते. चढताना बरा पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, आणि हात चालकाच्या सीटमागच्या दांडीवर. घाईत उलटं होतं आणि तिथेच बायका पडतात. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः उभ्या राहून चार वेळा चढ-उतार करून घ्या.

रात्रीचं काय, हा प्रश्न राहतो. नाटक साडेबाराला सुटतं आणि बाहेर रिक्षा मिळत नाही. एकदा असा अर्धा तास उभं राहावं लागलं की लोक नाटकाला जाणंच सोडतात. त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमाला जाताना परतीचं आधी ठरवा आणि मग तिकीट काढा. दुपारचा प्रयोग असेल तर तो निवडा. बाबांच्या डोळ्यांच्या दृष्टीनेही तेच बरं.

ॲपवरची कॅब कधी

पाऊस, दूरचं अंतर, दोघंही आणि सामानही, किंवा दोन्ही रिक्षावाले नाहीत, अशा वेळी. बाबांना ॲप शिकवायचा हट्ट धरू नका. तुम्ही बंगळुरूहून त्यांच्यासाठी बुक करू शकता. दुसऱ्या व्यक्तीसाठी बुक करताना प्रवाशाचा नंबर म्हणून बाबांचा नंबर द्या, नाहीतर चालक कोथरूडच्या गेटवर उभा राहून तुम्हाला फोन करत बसतो. गेटची खूण नकाशावर एकदाच नीट लावून सेव्ह करा. सोसायट्यांच्या बाबतीत ती हमखास मागच्या गल्लीत पडते. गाडीचा नंबर आणि ओटीपी बाबांना फोनवर सांगून कागदावर मोठ्या अक्षरात लिहायला लावा. आणि हेही सांगून ठेवा की हा ओटीपी गाडीत बसल्यावर चालकालाच द्यायचा. फोनवर कोणीही दुसरा ओटीपी मागितला तर द्यायचा नाही.

गाडीचा प्रकार निवडताना मुलं प्रेमाने मोठी गाडी बुक करतात, आणि आईला तिच्यात चढता येत नाही. सेडान उलट इतकी खाली असते की उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. गुडघेदुखीला मधल्या उंचीची, उभट बांधणीची छोटी गाडी, वॅगनआरसारखी, सगळ्यात सोयीची. तिच्यात बसताना आधी पाठ सीटकडे करून बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली की वळणं सोपं जातं. वळून झालं की ती काढून टाका, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढे घसरतो.

पुढेमागे व्हीलचेअर न्यायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सीएनजीवरच्या कॅबची डिकी सिलिंडरने भरलेली असते. घडीची खुर्चीही तिथे मावत नाही. आधी चालकाला फोन करून विचारा. त्याहून सोपं म्हणजे घरून खुर्ची नेऊच नका; मोठ्या रुग्णालयांत प्रवेशद्वाराशी खुर्ची आणि मदतनीस असतात. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आणि गाडी पोर्चमध्ये आत घ्यायला लावा.

मेट्रो, बस, एसटी

कोथरूडकरांचं नशीब चांगलं आहे, वनाझपासून रामवाडीपर्यंतची मेट्रो दारात आहे. स्थानकांवर लिफ्ट आहेत, फलाट आणि डबा एका पातळीत असतात, तिकीट दहा रुपयांपासून. डेक्कन, महापालिका, पुणे स्टेशन, रुबी हॉल हे सगळं एकाच मार्गावर येतं, गाडी बदलायची गरज नाही. आईसाठी बसपेक्षा मेट्रो कितीतरी सुखाची आहे. घर ते स्थानक रिक्षा, पुढे मेट्रो, असं जोडून पाहा. फक्त स्वारगेट किंवा पिंपरीकडे जायचं असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकात बदलावं लागतं. तिथला भुयारी फलाट देशातल्या सगळ्यात खोल फलाटांपैकी आहे, जमिनीखाली सुमारे ३३ मीटर. वरच्या मार्गावरून तिथे उतरायला वेळ लागतो, चालणं होतं. आईबरोबर पहिल्यांदा गर्दी नसताना करून बघा, जमलं नाही तर त्या दिशेला सरळ रिक्षा.

बाबांबद्दल इथे थांबून सांगायला हवं. काचबिंदूत बाजूची दृष्टी जाते. समोरचं वाचता येतं म्हणून घरच्यांना वाटतं, गाडी सोडली की धोका संपला. तो संपत नाही. रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी दिसत नाही, उतरताना शेवटची पायरी दिसत नाही, संध्याकाळच्या कमी उजेडात आणखी कठीण. त्यामुळे बाबांच्या फेऱ्या ठरवताना भाड्याच्या आधी मी एकच पाहते: पौड रोडसारखा रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो. स्वस्तातली बस पलीकडच्या थांब्यावरून मिळत असेल तर ती स्वस्त नाही. मेट्रो स्थानकाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रवेश असेल तर लिफ्टने वर जाऊन पलीकडे उतरता येतं, त्याचा उपयोग करा. पांढरी काठी नको वाटली तर साधी काठी हातात असू द्या. पायरीचा अंदाज येतो आणि दुचाकीवालाही थोडा सावरून घेतो.

पीएमपीच्या बसमध्ये ज्येष्ठांसाठी राखीव जागा आहेत आणि सवलतीचा पासही. बाबांना आवड असेल तर कोथरूड डेपोतून सुटणारी बस उभी असतानाच निवांत चढावी, मधल्या थांब्यावरून नको. आईसाठी बस सोडून द्या. पहिली पायरी उंच, आणि चालक निघायची घाई करतो.

एसटीचा फायदा मात्र पुरेपूर घ्या. राज्य सरकारने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत केलाय, म्हणजे बाबांना तिकीट नाही. आईला दोन बाजूंनी अर्धं तिकीट आहे: ६५ ते ७५ वयाची सवलत, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना मिळालेली पन्नास टक्क्यांची. आधार कार्ड जवळ ठेवायचं. ही मोफत सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे आणि शहरातल्या बसला ती लागू नाही. यावरून रोज कंडक्टरशी वाद होताना मी बघते. साताऱ्याला, वाईला नातेवाईक असतील तर वर्षातून चार वेळा हा प्रवास हक्काने होऊ शकतो, स्वारगेटपर्यंत रिक्षाने सोडलं की झालं.

तुमच्याकडे बंगळुरूला यायचं झालं तर: रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तिच्या भरवशावर हिशोब नको. खालच्या बर्थचा कोटा आहे, पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षांपासून. त्यासाठी दोघांचंच वेगळं तिकीट काढा. बरोबर तरुण माणूस त्याच तिकिटावर घेतला की तो कोटा लागत नाही. विमानाने आले तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत मागा, बोर्डिंगपर्यंत नेतात.

सोबत

आमच्या भागात सगळ्यात चांगलं चाललेलं काम कुठल्या योजनेतून आलेलं नाही, ज्येष्ठ नागरिक संघातून आलंय. एकाच रस्त्यावर राहणारे तिघं सभेला किंवा विरंगुळा केंद्रात एका रिक्षाने जातात, भाडं तिघांत वाटतात, आणि एक जण आला नाही तर बाकीचे दोघं त्याच्या घरी फोन करतात. तो फोन मला भाड्यापेक्षा मोलाचा वाटतो. कोथरूडला असे संघ बरेच आहेत. बाबांना सभासद करा. शेजारी कोणी अजून गाडी चालवत असेल आणि देवळात जाताना आईला नेत असेल तर पेट्रोलचे पैसे द्यायची पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवा. तो घेणार नाही, तरी द्या. फुकटच्या मदतीला महिन्याभरात संकोच येतो आणि आई स्वतःच जाणं बंद करते.

रुग्णालयात मोठी तपासणी असेल, भूल देणार असतील, डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करणार असतील, तर एकट्याने जायचंच नाही. त्या दिवसापुरता तासांवर पैसे देऊन सोबतीचा माणूस घ्या. सर्वांत जास्त पैसे द्यायचे तर इथे द्यावेत. १०८ ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळेसाठी आहे, ठरलेल्या तपासणीला ती बोलावू नये. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशभराची मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. तुमच्या भागात काय सोय आहे याची चौकशी तिथे करता येते.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आई-वडील खेड्यात आहेत त्यांच्यासाठी थोडं. तिथे रिक्षा स्टँड नाही, वडाप म्हणजे माणसं भरून नेणारी जीप आहे, आणि वडाप भरल्याशिवाय सुटत नाही. गावातल्याच एका जीपवाल्याशी तालुक्याच्या दवाखान्याचा महिन्यातला एक दिवस ठरवून घ्या आणि त्याच दिवशी जाणारे आणखी दोन-तीन वयस्कर बघा. एसटी सकाळी मिळते, पण परतीची चुकली तर मुक्कामाची वेळ येते. ती परतीची वेळ घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. ६५ वर्षांवरचे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँकेत जमा होतात. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

तुम्ही आता काय करायचं

पुढच्या वेळी पुण्याला याल तेव्हा चार दिवस काढा. पहिल्या दिवशी फेऱ्यांची वही आणि गाडीचा हिशोब, बाबांच्या हातात पेन देऊन. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन दोन रिक्षावाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि मेट्रोने डेक्कनपर्यंत जाऊन परत. चौथ्या दिवशी तुम्ही घरीच थांबा आणि त्या दोघांना तुमच्याशिवाय देवळात जाऊन येऊ द्या. सुरुवात दवाखान्यापासून करू नका असं मी एरवी सांगते, पण तुमच्या बाबांना "काम आहे म्हणून रिक्षा" हे आधी पटेल. मग देऊळ आणि नाटक आपोआप त्यात येईल.

बाबा नाही म्हणाले तर वाद घालू नका. पन्नास वर्षं जो माणूस स्वतः सगळ्यांना सोडत-आणत होता, त्याला मागच्या सीटवर बसायला वेळ लागतो. महिनाभर आईच्या निमित्ताने चालवा: "आईला सोडायचंय, तुम्ही बरोबर जा." बरोबर जायला ते नाही म्हणणार नाहीत.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. आई-बाबांच्या इमारतीला लिफ्ट आहे का? कोथरूडच्या जुन्या तीन मजली सोसायट्यांत बऱ्याचदा नसते. दुसऱ्या मजल्यावर घर आणि लिफ्ट नाही असं असेल तर रिक्षा कितीही स्वस्त मिळाली तरी आई आठवड्यातून एकदाच उतरेल. मग मी वर लिहिलेल्या क्रमात बदल करावा लागेल: आधी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रत्येक मजल्यावर बसायला एक खुर्ची, आईच्या सगळ्या फेऱ्या एका दिवसात गोळा करणं, आणि तळमजल्यावरच्या भाड्याच्या घराची चौकशीसुद्धा. मजला कितवा आणि पायऱ्या किती तेवढं कळवा, म्हणजे त्याप्रमाणे पुढचं लिहिते.